भात निसवायच्या आधी: बारा बोअरची काडतुसं घेताना

श्रावण सरत आला की सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरांतून बंदुका बाहेर निघतात. भात पोटरीत आलं, निसवायला लागलं, की डुकरं उतरणार हे ठरलेलं. डुकरं उतरल्यावर धावत जाऊन मिळेल ते काडतूस आणायचं ही पद्धत आधी सोडा. निदान पंधरा दिवस हातात ठेवा. परवाना, त्याची मुदत, ओळखपत्र यावर बोलत नाही, ते सगळ्यांना कळतं. फक्त एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतात आणि वर्षाला किती घेता येतात हे परवान्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच दुकानाची पायरी चढा.

पण त्याच्याही आधी काडतुसाची लांबी. बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप नव्हे, लांबी. आपल्याकडच्या कितीतरी दुनळ्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या, इंग्लंडात बनलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अडीच इंची असतं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजचं बारा बोअरचं काडतूस सर्रास ७० मिलिमीटरचं येतं. आणि घात इथेच होतो, कारण ते ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसतं. डब्यावर छापलेली ७० ही लांबी बार झाल्यानंतरची असते, तोंडाची घडी उलगडल्यावरची. न उडवलेलं काडतूस साठ मिलिमीटरच्या आसपासच भरतं. त्यामुळे बंदूक बंद होते, नळ्या मिटवून धरणारं कुलूप लागतं, सगळं ठीक वाटतं. बार काढला की घडी उलगडायला पाच मिलिमीटर जागा कमी पडते, काडतुसाचं तोंड नळीच्या निमुळत्या भागात घुसतं, आणि डाट, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधली चकती, व छर्रे त्या आवळलेल्या तोंडातून रेटले जाताना दाब नको तितका वाढतो. गेल्या खेपेला मी बोअर पाहिला, लांबी पाहिली नाही, आणि आजोबांच्या बंदुकीचं कुलूप कायमचं सैल झालं. नळी फुटली असती तर डावा हात गेला असता.

म्हणून बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या उतरवा आणि उलट्या धरून खालच्या सपाट भागावरचे छाप उजेडात वाचा. ७० किंवा पावणेतीन इंच कोरलेलं असेल तर प्रश्न मिटला. ६५ किंवा अडीच इंच असेल तर त्याच लांबीची काडतुसं शोधायची, मिळत नाहीत म्हणून ७० ची चालवायची नाहीत. फार जुन्या बंदुकीवर हिऱ्याच्या आकारात नुसता १२ चा आकडा आणि सी हे अक्षर दिसतं, लांबी लिहिलेली नसते. तिथे अंदाज करू नका, परवानाधारक बंदूक-कारागिराकडून चेंबर मोजून घ्या. घरात उडवलेल्या काडतुसांची जुनी टरफलं पडली असतील तर तीही बघा. बार झालेल्या टरफलाच्या तोंडाच्या कडा पिंजल्यासारख्या, विरल्यासारख्या झाल्या असतील तर त्या बंदुकीत आजवर लांब काडतुसं वापरली गेलीत असा दाट संशय घ्यावा. अशी बंदूक कारागिराने तपासल्याशिवाय राखणीला नेऊ नका. नळ्यांवर लाटांसारखी वेलबुट्टी दिसत असेल, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली नळी असेल, तर विषय आणखी गंभीर. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या काळच्या बंदुकीच्या दारूच्या जमान्यातल्या. त्यांना आजचं काडतूस अजिबात नको, लांबी जुळली तरी नको.

दुकानात गेल्यावर पुन्हा लांबी. ‘बारा बोअर द्या’ एवढंच म्हणालात तर दुकानदार जे जास्त खपतं ते देणार, त्याचा काय दोष. ‘बारा बोअर, पासष्ट’ किंवा ‘बारा बोअर, सत्तर’ असं मागा. खडकीची शक्तिमान घ्या नाहीतर दुसरी कुठली, नावावर जाऊ नका, डब्यावरचा आकडा स्वतः वाचा. डब्यावरचा वाचून झाला की एक काडतूस बाहेर काढून त्याच्या अंगावरचाही वाचा. घरी सोळा किंवा वीस बोअरची दुसरी बंदूक असेल तर काडतुसं वेगळ्या डब्यांत, वेगळ्या फळीवर. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, डोळ्यांना दिसत नाही, मागून बाराचं भरलं आणि बार काढला की नळी फुटते. वीस बोअरचं काडतूस पिवळं ठेवायची प्रथा यासाठीच पडली. रात्री मांगरात बॅटरीच्या उजेडात मात्र रंगावर विसंबू नका.

आता छर्रा. एलजी, एसजी, बीबी ही छऱ्याच्या आकाराची नावं. एलजीचा छर्रा साधारण नऊ मिलिमीटरचा, एका काडतुसात मोजकेच मावतात. एसजी साडेआठचा, आठ-नऊ छर्रे. बीबी चार मिलिमीटरचा, मग चार नंबर, सहा नंबर असे आकडा चढेल तसे बारीक होत जातात. इंग्लंड आणि अमेरिकेचे नंबर तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून मिलिमीटर बघा. रानडुकरासाठी एलजी किंवा एसजीच, तेही तीस-पस्तीस मीटरच्या आत. त्याच्या पलीकडे छर्रे इतके पांगतात की एखाद-दुसराच लागतो, आणि जखमी डुक्कर रानात शिरून दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन निघालेल्या बाईच्या अंगावर येतं. सहा नंबरने डुकरावर बार काढणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. जनावर मरत नाही, कुजत फिरतं. मागे काय आहे ते बघा. सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, एसजी पाचशेच्याही पुढे. आपल्याकडे मळ्याच्या वरच्या अंगाला वाडी असते, पायवाट असते, शेजाऱ्याची आंब्याची बाग असते. डोंगरउताराची माती मागे असेल तरच खटका दाबा.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिकार बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. ती आधी काढा, भात आडवं झाल्यावर नको. गवा मळ्यात उतरला तर बंदुकीला हात लावू नका, वनखात्याला कळवा, पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज द्या. नुसतं हुसकवायला हवेत बार काढणारे पुष्कळ. छर्रे वर गेले की कुठेतरी खाली येतातच. त्यापेक्षा फटाके, डबे, कुत्री बरी. लग्नात, गणपतीत आनंदाने बार काढणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर थेट गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

घराच्या रक्षणासाठी वेगळं काडतूस कुठलं, हे एकट्या घरात राहणारे म्हातारे हमखास विचारतात. माझं मत सरळ आहे. आधी ११२ हा मदतीचा नंबर लावा, दार आतून बंद ठेवा, आरडाओरडा करा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण धोक्याच्या मानाने जास्त बळ वापरलं तर तो हक्क वाचवत नाही. वेळ आलीच तर माजघरातल्या चार-पाच मीटर अंतरावर कुठलाही छर्रा फारसा पांगत नाही, एकाच मुठीएवढ्या जागी लागतो. चिऱ्याच्या भिंतीचं काही होणार नाही, पण लाकडी दार आणि फळ्यांची पडदी यांच्या आरपार तो जातो आणि पलीकडे नातवंडं झोपलेली असतात. एसजी घरात भरून ठेवू नका. खरं तर कुठलंच भरून ठेवू नका. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

कोकणातला पाऊस काडतुसाचा वैरी. कागदी टरफल दमटपणाने फुगतं, मग चेंबरमध्ये अडतं, म्हणून प्लॅस्टिकचीच घ्या. पितळेवर हिरवा कळंक चढला असेल, बूड फुगलं असेल, तर ते वापरू नका, घासून साफ करायच्या भानगडीत पडू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या. तेलाचा हात काडतुसाला लावायचा नाही, तेल केपेत, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपतं. डब्यावर खरेदीचं साल लिहा, आणि लांबीही लिहा, मोठ्या अक्षरात, कारण पुढच्या वर्षी तो डबा मुलगा उघडणार आहे आणि त्याला पासष्ट-सत्तर काही आठवणार नाही.

राखणीला गेल्यावर: माळ्यावर चढताना बंदूक रिकामी. खटका दाबला आणि बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच अर्धा मिनिट धरा, मग उघडा. आवाज दबका आला तर नळीत डाट अडकलाय का ते उजेडात बघितल्याशिवाय दुसरं भरू नका. टरफलं उचला.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येतो. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या, परत घेताना तोच नंबर ताडून बघा. नळ्यांना तेलाचा हात मारूनच द्या, तिथे कोणी मारणार नाही.