चिनी ‘ता’ म्हणजे प्रत्येक वेळी ‘मारणे’ नव्हे : या चुका टाळा

चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘ता’ हे क्रियापद लगेच आपलंसं वाटतं. मूळ अर्थ मारणे, फटका देणे. चिनी लोकही फोन ‘मारतात’ (ता त्येनह्वा), इंजेक्शनही ‘मारून’ घेतात (ता चन). ही जवळीक आनंदाची आहे, पण तिच्यावर विसंबलं की चुका सुरू होतात.

गप्पा मारणे, उडी मारणे, हाक मारणे, यांतल्या एकालाही चिनीत ‘ता’ चालत नाही. त्यांची क्रियापदं अनुक्रमे ल्याओथ्येन, थ्याओ आणि च्याओ. उलट छत्री उघडून धरणं, पाणी भरून आणणं, टायपिंग करणं, वीज गडगडणं, या सगळ्याला ‘ता’ लागतो. खेळांतही तसंच. बास्केटबॉल, बॅडमिंटन, टेबल टेनिस ‘ता’. फुटबॉल मात्र पायाने, म्हणून ‘थी’. म्हणून सुटा ‘ता’ पाठ करू नका. वहीत तो नेहमी नामासकट लिहा.

सर्वांत गंभीर घोटाळा जिवाचा. ‘त्याला मारलं’ म्हटल्यावर माणूस जिवंत आहे की नाही, हे मराठीत संदर्भावरून कळतं. चिनी ‘ता’ फक्त मारहाण सांगतो. जीव गेला असेल तर ‘ता स्स’ किंवा ‘शा’ म्हणावं लागतं.

वाक्यरचनेत ‘ता त्येनह्वा मामा’ अशी चूक फार होते. त्येनह्वा म्हणजे फोन आणि मामा म्हणजे आई. ‘आईला’मधल्या ‘ला’चं काम करणारा ‘केइ’ इथे गळलाय. ‘केइ मामा ता त्येनह्वा’ म्हणा. क्रम जवळजवळ आपलाच, आईला फोन! दोनदा फोन केला असेल तर तो आकडा क्रियापद आणि नाम यांच्या मधे बसतो : ता ल ल्यांग त्स त्येनह्वा (‘ल’ क्रिया झाल्याची खूण, ‘ल्यांग त्स’ म्हणजे दोनदा).

उच्चारासाठी रोमन ‘डी’ बघून ‘दा’ म्हणू नका. आपला ‘त’ जास्त जवळचा. सूर खाली दबलेला ठेवा. तोच वरून झटक्यात खाली आणलात तर अर्थ ‘मोठा’ होतो, आणि सपाट वरच्या सुरात ‘था’ म्हटलंत तर ‘तो’.

दुकानातल्या ‘ता पा चऽ’ या पाटीने तर हिशेबच चुकतो. ‘पा’ म्हणजे आठ, म्हणून 80 टक्के सूट समजू नका. किमतीच्या 80 टक्के द्यायचे असतात : 100 युआनची वस्तू 80 ला.