हॉलंडचा कानाडोळा: गांजाच्या दुकानात एकट्याने शिरण्यापूर्वी

नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर नाही. विमानातून उतरणारे बहुतेक जण उलट समजूत घेऊन उतरतात, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

तिथला अफूचा कायदा १९२८ चा. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन अमली पदार्थांच्या दोन याद्या झाल्या. पहिलीत हेरॉइन, कोकेन, एक्स्टसी वगैरे. दुसरीत गांजा आणि चरस. बाळगणं, विकणं, पिकवणं हे दोन्ही याद्यांसाठी बेकायदाच आहे. फरक इतकाच, की दुसऱ्या यादीतला माल ठरावीक मर्यादेत असेल तर सरकारी वकील खटला भरत नाहीत. डच भाषेत याला ‘खेडोखन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी चपखल शब्द आहे: कानाडोळा. गांजा घ्यायला गेलेल्या पोरापुढे त्याच विक्रेत्याने हेरॉइनची पुडी ठेवू नये, म्हणून दोन्ही बाजार वेगळे करायचे, हा त्यामागचा हिशेब.

कानाडोळा हा हक्क नसतो. खिशात ३ ग्रॅम असले तरी पोलीस ते काढून घेऊ शकतात, आणि ‘मला तर परवानगी आहे’ असं म्हणून वाद घालणाऱ्या पर्यटकाची बाजू पहिल्याच वाक्यात लंगडी पडते. काढून घेतले तर देऊन टाका, पासपोर्ट दाखवा, पुढे चला.

मर्यादा कुठे संपते

आकडा एकच लक्षात ठेवायचा: ५ ग्रॅम. गांजा आणि चरस मिळून ५, प्रत्येकी ५ नव्हे. १९९६ पर्यंत ही मर्यादा ३० ग्रॅम होती, त्यामुळे जुनी माहिती वाचून गेलेले इथे फसतात. एका दुकानातून एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच मिळतात. चार दुकानं फिरून २० ग्रॅम जमवणं शक्य आहे, पण मग ते खिशात असताना तुम्ही कानाडोळ्याच्या बाहेर आहात. तसंच, हे ५ ग्रॅम स्वतःपुरते. हॉस्टेलमधल्या सोबत्याला पैसे घेऊन त्यातलं थोडं दिलंत, तर ती विक्री झाली.

वय १८ पूर्ण हवं आणि ते दारातच तपासलं जातं. मूळ पासपोर्ट लागतो. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही, आधार कार्डाला तर तिथे कुणी ओळखत नाही. शिवाय १४ वर्षांवरील प्रत्येकाने पोलिसांनी मागितल्यास ओळखपत्र दाखवलंच पाहिजे, असा त्या देशाचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची सवय इथे उलटते. आतल्या चेनच्या खिशात, अंगावर ठेवा.

दुकान कुठल्या गावात आहे, यालाही महत्त्व आहे. देशातल्या बहुतेक नगरपालिकांमध्ये अशी दुकानंच नाहीत. जिथे आहेत, तिथेही २०१३ पासून ‘फक्त देशातल्या रहिवाशांना’ असा राष्ट्रीय निकष आहे. तो किती कडकपणे लावायचा हे मात्र गावाच्या हातात. ॲम्स्टरडॅम तो लावत नाही, म्हणून पर्यटकांना तिथे प्रवेश मिळतो. बेल्जियमच्या सीमेवरचं मास्ट्रिख्त लावतं; तिथे भारतीय पासपोर्ट दाखवून आत जाता येणार नाही. ॲम्स्टेलफेन किंवा आइंडहोव्हनमध्ये नोकरीनिमित्त नोंदणी करून राहणारे मराठी लोक रहिवासी गणले जातात. त्यांच्याकडे आलेले भाऊबंद गणले जात नाहीत.

कॉफीशॉप आणि कॅफे

‘कॉफीशॉप’ म्हणजे गांजाचं दुकान. ‘कॅफे’ म्हणजे बिअर मिळते ती जागा. नुसती कॉफी हवी असेल तर ‘कॉफीहाउस’ किंवा बेकरी शोधा. कॉफीशॉपमध्ये कॉफी मिळते, दारू मिळत नाही. ‘स्मार्टशॉप’ हा तिसराच प्रकार: तिथे गांजा नसतो, भ्रम निर्माण करणारे ट्रफल्स, म्हणजे बुरशीचे कंद, असतात. तशा मशरूमवर १ डिसेंबर २००८ पासून बंदी आहे. जमिनीखाली वाढणारे ट्रफल्स त्या बंदीतून सुटले. गांजाच्या अंदाजाने ट्रफल्स खाऊ नयेत, आणि एकट्याने तर नाहीच. तो चार-सहा तासांचा वेगळा प्रवास आहे आणि मध्ये उतरता येत नाही. फुग्यातून ओढायचा लाफिंग गॅस १ जानेवारी २०२३ पासून बंद आहे. रस्त्यावर कुणी विचारलं तरी नको म्हणा.

जाहिरातीला बंदी असल्यामुळे दुकानाबाहेर दरपत्रक दिसत नाही. आत काउंटरवर मेनूकार्ड मागावं लागतं. त्यावर ‘विट’ म्हणजे गांजा (आपल्या विटेशी संबंध नाही) आणि ‘हॅश’ म्हणजे चरस. ‘नेडरविट’ हा देशातच दिव्यांखाली पिकवलेला गांजा. त्यात नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांच्या आसपास असतो. बाहेरून आलेला चरस त्याहून बराच तीव्र. गावाकडच्या जत्रेत चिलीम ओढल्याचा अनुभव असेल, तर तो अनुभव इथे मोजमाप म्हणून धरू नका.

ग्रॅमचा भाव साधारण १० ते १५ युरो, एका तयार जॉइंटचा, म्हणजे गांजा भरून वळलेल्या सिगारेटचा, ४ ते ८. अनेक दुकानांत रोखच लागते, म्हणून सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. एका माणसाला, एका संध्याकाळी, एक ग्रॅमसुद्धा जास्त होतो. ‘एक ग्रॅम, सौम्य’ इतकं सांगितलं तरी काउंटरवरचा माणूस नीट समजावतो. सगळ्यांना इंग्रजी येतं आणि नवख्याला हलका माल देण्यात दुकानाचाही फायदा असतो, कारण कोसळलेलं गिऱ्हाईक कुणालाच नको असतं.

तंबाखूचा मुद्दा मराठी प्रवाशाने आवर्जून विचारावा. युरोपात जॉइंट बहुधा तंबाखू मिसळून वळतात आणि तयार जॉइंटमध्ये ती असण्याची शक्यता मोठी. सिगारेटची सवय नसलेल्याला गरगरतं, मळमळतं ते अनेकदा गांजापेक्षा निकोटिनमुळे. ‘प्यूर’ म्हणजे निव्वळ गांजा. ‘झोंडर तबाक’ म्हणजे तंबाखूविना. गंमत अशी, की जुलै २००८ पासून खाण्यापिण्याच्या जागांमध्ये तंबाखू ओढायला बंदी आहे आणि ती कॉफीशॉपलाही लागू आहे. म्हणजे गांजाच्या दुकानात बसून गांजा चालतो, तंबाखू चालत नाही! म्हणून टेबलावर तंबाखूऐवजी मिसळायचा सुका पाला ठेवलेला आढळतो. तो फुकट असतो; घ्या.

बसायचं असेल तर काहीतरी पेय मागवावं, हा शिष्टाचार. दुसऱ्या दुकानातला माल काढून ओढू नये. आतल्या माणसांचे फोटो काढू नयेत.

पहिल्यांदाच असेल तर

वेळ दुपारची निवडा, दुकान मुक्कामापासून चालत दहा मिनिटांच्या आत. भरपेट नव्हे, पण जेवून जा. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा. बॅटरी संपते, आणि नशेत नकाशा वाचणं वाटतं त्याहून अवघड जातं. ॲम्स्टरडॅमचे कालवे अर्धवर्तुळांत एकाबाहेर एक आहेत आणि सगळे पूल एकसारखे दिसतात, त्यामुळे पूर्ण शुद्धीवरचा माणूसही तिथे दिशा हरवतो.

एक किंवा दोन झुरके. मग जॉइंट विझवून १५ मिनिटं थांबा. ओढलेल्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवू लागतो आणि अर्ध्या तासात शिगेला पोचतो. झुरका छातीत कोंडून धरण्याने फक्त खोकला वाढतो. बिअर घेतली असेल तर त्या दिवशी हे नको. दोन्ही एकत्र आले की डोकं फिरून उलटी होण्याचं प्रमाण खूपच वाढतं, आणि एकट्या प्रवाशाजवळ पाठ धरायलाही कुणी नसतं.

स्पेसकेकचं, म्हणजे गांजा घातलेल्या केकचं, गणित वेगळं, आणि सर्वाधिक फजिती तिथेच होते. गांजा पोटातून, यकृतामार्गे रक्तात जातो, म्हणून परिणाम सुरू व्हायला एक ते दोन तास लागतात. होळीला भांग प्यायलेल्यांना हा उशीर ठाऊक असतो: ‘काहीच नाही झालं’ म्हणून दुसरा पेला घेणारा संध्याकाळी सापडत नाही. केकचंही तसंच. पाव तुकडा खा, घड्याळ लावून दोन तास थांबा, आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबलात तर उत्तम. परिणाम सहा ते आठ तास राहू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान किंवा रेल्वे असेल तर आदल्या रात्री केक खाऊ नये. उरलेला तुकडा हॉस्टेलच्या सामायिक फ्रिजमध्ये ठेवू नये. तो कुणीतरी साधा केक समजून खातं.

जास्त झालं तर काय होतं? चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, छाती धडधडते, आपण मरतोय अशी खात्री वाटू लागते. बसा किंवा आडवे व्हा, कुशीवर. गोड सरबत किंवा ज्यूस घोट घोट प्या. दुकानातच असाल तर कर्मचाऱ्याला सांगा. त्यांच्यासाठी हे रोजचं आहे. उठून ‘मोकळ्या हवेत’ जायची घाई करू नका, कारण अचानक उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि माणूस कालव्याकाठच्या विटांवर आपटतो. ओढलेलं असेल तर दोन-तीन तासांत ओसरतं. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, थांबत नाही अशी उलटी यांपैकी काहीही असेल तर ११२ ला फोन. काय घेतलं ते खरं सांगा. रुग्णवाहिकेतली माणसं उपचार करायला आलेली असतात, पोलिसांना कळवायला नव्हे. हृदयाचा आजार असलेल्यांनी, किंवा स्वतःला वा घरात कुणाला मनोविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी हा प्रयोगच करू नये.

रस्त्यावर

ॲम्स्टरडॅमच्या जुन्या मध्यवस्तीत, म्हणजे डे वालेन या रेड लाइट भागात आणि डाम चौकाच्या परिसरात, २५ मे २०२३ पासून उघड्यावर गांजा ओढायला बंदी आहे. दंड १०० युरो. निम्मे पर्यटक ज्या गल्ल्यांसाठी येतात, नेमक्या त्याच या गल्ल्या. इतरत्रही शाळा, खेळाची मैदानं आणि रेल्वेचे फलाट टाळा. बहुतेक हॉटेलांत खोलीत ओढल्यास सफाईचा जबर दंड लावतात आणि खिडकी उघडल्याने वास लपत नाही. थोडक्यात, दुकानात बसून ओढणं हाच सर्वांत बिनघोर मार्ग.

सायकल तिथेच सोडा. नशेत वाहन चालवण्याचा कायदा सायकललाही लागू आहे. मोटारचालकांची २०१७ पासून लाळेची चाचणी होते, आणि रक्तात लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम टीएचसी ही सीमा आहे. दारूही घेतली असेल तर ती आणखी खाली येते.

गल्लीत कानाशी येऊन ‘कोक, कोक’ कुजबुजणाऱ्यांशी बोलू नये, नजरही देऊ नये. २०१४ च्या अखेरीस कोकेन म्हणून विकलेली पांढरी पूड प्रत्यक्षात हेरॉइन निघाली आणि त्यात ब्रिटिश पर्यटक दगावले. महापालिकेला भर रस्त्यात इशाऱ्याचे फलक लावावे लागले.

मागचं दार

पुढच्या दाराने दुकानदार विकू शकतो, पण त्याच्याकडे माल येतो तो मागच्या दाराने आणि पूर्णपणे बेकायदा. दुकानात एका वेळी ५०० ग्रॅमपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही, म्हणून वर्दळीच्या दुकानात दिवसातून अनेकदा भर घालावी लागते. हा विनोद मिटवण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग इथे परवानाधारक शेतांतून माल पुरवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो दहा नगरपालिकांत गेला. अशा गावांत माल लेबल लावलेल्या बंद पाकिटात मिळतो. ॲम्स्टरडॅम त्या दहात नाही, तेव्हा तिथे मालाची खातरजमा म्हणजे दुकानदाराचा शब्द.

परतीची बॅग

उरलेलं काहीही सोबत नेऊ नका. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून गांजावरची बंदी अंशतः उठवली, तरी सीमा ओलांडून तो आणायला परवानगी दिलेली नाही. दुबई किंवा दोहामार्गे परतणार असाल तर तिथले कायदे अतिशय कडक आहेत. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा आणि चरस दोन्ही येतात. नुसत्या पानांची भांग गांजाच्या व्याख्येबाहेर राहते, म्हणून ‘आपल्याकडे चालतंच की’ हा गैरसमज. अल्प प्रमाणात आयात केली तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गांजा बारीक करायचा वापरलेला ग्राइंडर फेकून द्या, धुऊन नेऊ नका. जॅकेटचे खिसे उलटे करून झाडा. गांजाच्या पानाचं चित्र असलेली लॉलीपॉप, चहा, सीबीडीचं (गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं) तेल ही भेटवस्तूंच्या दुकानातली खेळणी तिथे निरुपद्रवी असतील. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडणाऱ्या अधिकाऱ्याला ते पटवत बसण्याची हौस नसेल तर घेऊ नका. फ्रिजवर चिकटवायचं लाकडी ट्युलिप मिळतं.

रॉटरडॅमला जहाज लागल्यावर किनाऱ्यावर उतरणाऱ्या कोकणातल्या खलाशांसाठी, आणि रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी असलेल्या कुणासाठीही: लघवीच्या चाचणीत गांजा अनेक दिवस, नेहमी ओढणाऱ्यात काही आठवडेसुद्धा, दिसतो. तो कुठल्या देशात ओढला हे चाचणीच्या कागदावर छापलेलं नसतं.