पावसात अडकणारं, उन्हाळ्यात घासणारं ऑटोमॅटिक गेट: दुरुस्ती कुठून सुरू करावी

ऑटोमॅटिक गेट अर्ध्यावर थांबलं की सगळ्यांची नजर आधी मोटरवर जाते. कोणीतरी कंट्रोल बोर्डवरची फोर्सची सेटिंग थोडी वाढवून देतं, गेट चालू लागतं, आणि काम झालं असं वाटतं. पण खांब कललेला तो कललेलाच राहतो, ट्रॅक उचललेला तो उचललेलाच. वाढवलेला जोर मग गिअरच्या दातांवर येतो, आणि मध्ये कोणी सापडलं तर त्याच्या अंगावर. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे: आधी जमीन, मग लोखंड, मग वायरिंग, आणि फोर्सची सेटिंग सगळ्यात शेवटी.

## हात लावण्याआधी

मेन स्विच बंद करा. बॅटरी बॅकअप असेल तर बॅटरीची वायरही काढा, कारण मेन बंद केला तरी बोर्ड बॅटरीवर जिवंत असतो आणि रिमोटचं बटण दाबलं गेलं तर गेट चालू लागतं. मग रिलीजच्या चावीने मोटर मोकळी करा.

स्लायडिंग गेटच्या दोन्ही टोकांचे स्टॉपर पक्के आहेत का ते पाहा. एखादा तुटला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो वेल्ड करून घ्या. वरचे गाइड रोलर ढिले करायचे असतील तर त्याआधी गेट दोन ठिकाणी दोराने खांबाला बांधा. गेट फक्त चाकांवर उभं राहू शकत नाही. रोलर निघाले की ते आडवं येतं. तीन-चारशे किलोचं लोखंड अंगावर येताना कोणालाही हाताने थोपवता येत नाही. हे काम एकट्याने करू नका.

## हाताने ढकलून बघा

दहा मिनिटांची ही चाचणी निम्मं निदान करून देते. ट्रॅकच्या कडेला दर अर्ध्या मीटरवर खडूने खुणा करा आणि मोकळं केलेलं गेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ढकला. स्प्रिंगचा काटा मिळाला तर तो अडकवून ओढा आणि प्रत्येक खुणेपाशी किती किलोचा ओढा लागतो ते लिहून ठेवा.

गेट आपोआप एका बाजूला घरंगळत असेल तर ट्रॅकला उतार आला आहे. दर वेळी त्याच खुणेपाशी जड होत असेल तर दोष ट्रॅकचा. जडपणा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर चाकाचा: ८० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण २५ सेंटिमीटर असतो, म्हणजे चाकावर एका जागी खड्डा पडला असेल किंवा बेअरिंग फुटलं असेल तर दर २५ सेंटिमीटरला झटका जाणवेल. आणि हाताने गेट लोण्यासारखं चालत असेल, पण मोटरवर अडकत असेल, तर जमिनीचा भाग सोडून सरळ वायरिंगकडे वळा.

दोन झडपांच्या गेटची चाचणी अजून सोपी. झडप तीन-चार ठिकाणी थांबवून सोडा. जिथे सोडली तिथे ती उभी राहिली पाहिजे. स्वतःहून हलली तर वरच्या आणि खालच्या बिजागरीचा ओळंबा जुळत नाही.

## जमीन हलते आहे की बसते आहे?

चिकण काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. खांबाच्या एका बाजूला बाग असेल आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचा रस्ता, तर दोन्ही बाजूंची माती सारखी भिजत नाही. ओली बाजू वर ढकलते आणि खांब कलतो. भरावाची माती वेगळी वागते. ती वर्षानुवर्षं दबत जाते, आणि एकदा खाली गेली की परत वर येत नाही. वाळूच्या जमिनीत खांबाभोवतीची पकड सुटते, शिवाय वाळू ट्रॅकमध्ये जाऊन बसते. कडक थंडीच्या प्रदेशात जमिनीतलं पाणी गोठून तिथली माती वर उचलली जाते. तिथे पाया गोठण्याच्या खोलीखाली न्यावा लागतो.

वर जाऊन परत येणारी जमीन आणि एकाच दिशेने बसत जाणारी जमीन, या दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते. हे ओळखायला मोजमाप लागतं. खांबाच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि वरचं व खालचं अंतर मोजा. दोन खांबांमधलं अंतर वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. आकडे तारखेसह खांबाच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने लिहा. कागद हरवतो, खांबावरचा आकडा राहतो. एक मोजमाप पावसाच्या शेवटी, दुसरं कोरड्या हंगामाच्या शेवटी. आकडा पुढे जाऊन मागे आला तर माती फुगून आकसते आहे. प्रत्येक वेळी त्याच दिशेला वाढत गेला तर पाया बसतो आहे.

भर पावसात गेट अडकलं म्हणून लगेच ट्रॅक फोडून नवीन काँक्रीट ओतण्याची घाई होते. फुगलेल्या मातीवर लेव्हल साधून केलेलं ते काम माती आकसली की पुन्हा बिघडतं. तोवर गेट हाताने चालवावं लागलं तरी चालेल.

## पाणी वळवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम हेच. छपराचा पन्हळ किंवा पाइप खांबाच्या बुडाशी सुटत असेल तर तो लांब न्या. बागेचा ठिबक, गळका नळ, गाडी धुण्याची जागा यांचं पाणी कुठे जातं ते पाहा. खांबाभोवती आणि ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना दीड मीटरपर्यंत फरशी किंवा काँक्रीट करा आणि गेटपासून दूर, दर मीटरला २ सेंटिमीटर उतार द्या. मातीतला ओलावा वर्षभर सारखा राहिला की फुगणं-आकसणं आपोआप कमी होतं. बऱ्याच गेटांचा त्रास एवढ्यावरच आटोक्यात येतो.

खांबाजवळ मोठं झाड असेल तर मुळं माती कोरडी करतात. पण ते घाईने तोडू नका. मुळांनी ओढलेलं पाणी मातीत परत साठू लागतं आणि पुढची काही वर्षं जमीन फुगत राहते.

## खांब आणि बिजागऱ्या

१५० किलोची, २ मीटर रुंद झडप आणि दोन बिजागऱ्यांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबाला सतत सुमारे १०० किलोच्या जोराने आडवी ओढत असते. पत्रा मारलेल्या झडपेवर वाऱ्याचा भार वेगळा: ताशी ५४ किलोमीटरचा वारा ४ चौरस मीटर पत्र्यावर साधारण ५५ किलोचा दाब टाकतो. वादळानंतर गेट बिघडलं की आधी बिजागऱ्यांचं वेल्डिंग आणि आर्मचे (झडप ढकलणाऱ्या मोटरच्या दांड्याचे) ब्रॅकेट तपासावेत ते यासाठी. पत्र्याच्या जागी अंतर सोडून पट्ट्या लावल्या तर हा दाब बराच उतरतो.

कल थोडा असेल आणि हंगामानुसार येत-जात असेल, तर खांबाला हात लावू नका. वेल्ड केलेल्या बिजागऱ्या काढून नट-बोल्टवर आत-बाहेर होणाऱ्या बिजागऱ्या बसवा. वर्षातून दोनदा पान्याने जुळवणं परवडतं. झडपेखाली जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटर जागा ठेवा. आर्मची मोटर असेल तर बिजागरी सरकवल्यावर मागच्या ब्रॅकेटची मापं मोटरच्या पुस्तिकेतल्या तक्त्याशी पुन्हा ताडून बघा. तिथे एक-दोन सेंटिमीटर चुकलं की झडप शेवटी आपटते किंवा पूर्ण उघडत नाही.

कल वाढत चालला असेल तर नवा पाया घ्यावाच लागतो. फुगणाऱ्या मातीत उथळ, रुंद पाया जमिनीबरोबर वर-खाली होतो. तिथे खोल जाणारा, तळाशी फुगवटा असलेला अंडर-रीम्ड पाइल चांगला. खोली साधारण तीन ते साडेतीन मीटर आणि फुगवट्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट. नक्की माप मात्र माती पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. दोन्ही पाइल जोडणाऱ्या बीमखाली ८ ते १० सेंटिमीटर पोकळी सोडा, म्हणजे खालची माती फुगली तरी बीमला उचलणार नाही. ही पोकळी गवंडी हमखास माती भरून बुजवतो. काम चालू असताना तिथे उभं राहा.

## ट्रॅक

ट्रॅकची लेव्हल पारदर्शक नळीत पाणी भरून तपासा, दर मीटरला एक आकडा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मापं फसतात. ३-४ मिलिमीटरचा खोलगट भाग ट्रॅक मोकळा करून खाली लोखंडी पट्ट्या घालून आणि फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरून सुधारता येतो. त्याहून जास्त चढउतार असेल, किंवा खालच्या काँक्रीटला आडव्या भेगा असतील, तर बीम नवीन करा.

बीमच्या तळाखाली काळी माती निदान ४५ सेंटिमीटर जास्तीची उकरून बाहेर काढा. तिथे न फुगणारा मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून भरा. त्यावर ३० बाय ३० सेंटिमीटरचा बीम, १२ मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा दर १५ सेंटिमीटरला. ट्रॅकचे अँकर दर ५० सेंटिमीटरला बीमच्या सळईला धरून. काँक्रीटला सात दिवस पाणी, तोवर गेट वर चढवायचं नाही. पाणी साचू नये म्हणून बीमच्या आतल्या अंगाला जाळीचा छोटा नाला काढा.

ट्रॅक कोणता, यालाही महत्त्व आहे. खोलगट चॅनेलमध्ये माती आणि खडी बसते आणि पावसात तिचा चिखल होतो. उलट्या व्ही आकाराच्या अँगलवरून माती दोन्हीकडे घसरून जाते. धूळ-चिखलाच्या जागी अँगल आणि खाचेची चाकं, हाच पर्याय घ्या.

## चाकं आणि रॅक

चाक बदलायचं तर जोडीने बदला. सील असलेली बेअरिंग घ्या. उघड्या बेअरिंगमध्ये एका पावसाळ्यात गंज शिरतो.

रॅकचे, म्हणजे गेटला बसवलेल्या दातेरी पट्टीचे, दात जवळून बघा, ते स्वतःच दोष सांगतात. फक्त टोकं चकाकत असतील तर रॅक पिनियनपासून (मोटरच्या दातेरी चाकापासून) लांब गेली आहे. दातांच्या तळाशी घासल्याची रेघ असेल तर गेट खाली बसलं आहे आणि त्याचं वजन मोटरच्या शाफ्टवर येतं आहे. दुसरा दोष जास्त घातक: आधी शाफ्टची बेअरिंग जाते, मग सील, मग गिअरबॉक्सचं तेल. रॅक आणि पिनियनमध्ये १ ते २ मिलिमीटर फट हवी. हॅकसॉची दोन पाती एकावर एक ठेवून, बिनदातांच्या बाजूने फटीत सरकवली की अंदाज येतो. हे माप गेटच्या पूर्ण लांबीभर तपासा. दोन तुकड्यांच्या जोडावर रॅकचा तिसरा तुकडा उलटा धरून दात जुळवा आणि मगच बोल्ट आवळा.

रॅकला ग्रीस लावू नका. ग्रीस आणि धूळ मिळून काळी लापशी होते आणि ती पॉलिश पेपरसारखी दात झिजवते. कोरडा ब्रश पुरेसा. ग्रीस बिजागऱ्यांना द्या.

उन्हाचा एक परिणाम लक्षात ठेवा. ५ मीटर लोखंडी गेट ४० अंशांनी तापलं तर साधारण अडीच मिलिमीटर लांबतं. पहाटेच्या गारव्यात लिमिट, म्हणजे मोटरने गेट जिथे थांबवायचं ती जागा, स्टॉपरला अगदी चिकटवून लावली तर दुपारी गेट आपटतं, आणि बोर्ड त्याला अडथळा समजून गेट परत उघडतो. लिमिट स्टॉपरच्या आधी ५ ते १० मिलिमीटर ठेवा.

## ओलावा, मुंग्या आणि वायरिंग

मोटरचं झाकण उघडल्यावर काय दिसतं ते शांतपणे बघा. टर्मिनलवर हिरवट पूड म्हणजे ओलावा. बोर्डाच्या कोपऱ्यात मातीचे कण आणि पांढरी अंडी म्हणजे मुंग्या, आणि त्या जवळजवळ नेहमी जमिनीतून येणाऱ्या केबलच्या कंड्युट पाइपमधूनच आलेल्या असतात. पाणीही याच वाटेने चढतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळवा, मग कंड्युटचं तोंड सीलिंग पुट्टीने बंद करा. मोटरचा ओटा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर उंच हवा. झाकणाच्या तळाचं बारीक छिद्र मात्र बुजवू नका. आत साठलेलं दव तिथूनच बाहेर पडतं.

फक्त पावसात आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर जमिनीखालच्या केबलचा जोड तपासा. टेप गुंडाळलेला जोड ओल्या मातीत टिकत नाही, जेल किंवा रेझिन भरलेलाच जोड करा. केबल दोन्ही टोकांना सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) मोजा. १ मेगाओहमच्या खाली आली तर केबल बदला. बोर्डाला जोडलेली असताना मेगर लावला तर बोर्ड जळतो.

एसी मोटर नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल तर कपॅसिटर उतरलेला असण्याची शक्यता मोठी. तो डिस्चार्ज करूनच हात लावा, आणि बदलताना त्यावर छापलेलेच मायक्रोफॅरड व व्होल्ट घ्या. बॅकअपची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास थांबल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली राहिली तर बदला, दोन असतील तर जोडीच बदला.

फोटोसेलचे, म्हणजे वाटेत कोणी आलं की गेट थांबवणाऱ्या किरणांच्या सेन्सरचे, घोळ बहुधा साधे असतात: काचेवर चिखलाचे शिंतोडे, कोळ्याचं जाळं, खांब कलल्याने चुकलेली दिशा. रोज ठरावीक वेळी, सकाळी किंवा संध्याकाळीच गेट बंद होत नसेल तर रिसीव्हरवर सरळ ऊन पडत असेल. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची बाजू अदलाबदल करा. फोटोसेल शॉर्ट करून गेट चालू ठेवू नका, एका दिवसासाठीही नाही. त्या उंचीची मुलं अंगणात खेळत असतात.

## शेवटी फोर्स

आता मोटर परत जोडा, बोर्डाला लिमिट आणि अंतर नव्याने शिकवा, आणि फोर्स कमीत कमी ठेवून हळूहळू वाढवत न्या, गेट पूर्ण प्रवास करेल तिथपर्यंतच. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकानुसार बंद होणाऱ्या कडेचा धक्का, ५० ते ५०० मिलिमीटरच्या फटीत, ४०० न्यूटनपेक्षा जास्त नसावा आणि पाऊण सेकंदात १५० न्यूटनच्या खाली यावा. अचूक तपासणीला फोर्स मीटर लागतो. घरच्या घरी खोक्याचा जाड पुठ्ठा उभा धरा: गेटने त्याला टेकून मागे फिरलं पाहिजे, चुरगळत पुढे जाता कामा नये.

क्लॅम्प मीटरने चालत्या मोटरचा करंट मोजा आणि तो आकडाही खांबावर, ओळंब्याच्या मापाशेजारी, तारखेसह लिहा. पुढच्या पावसाच्या शेवटी तिन्ही आकडे पुन्हा घ्या. करंट वाढलेला आणि खांब तसाच असेल तर चाकं उघडा. दोन्ही बदलले असतील तर परत ओळंबा, पाणी आणि मातीपासून सुरुवात करा.