ट्रेकर हरवला तर सोबत्यांना कसं विचारायचं?

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी कुणी हरवलं की सोबत्यांना एकत्र बसवून विचारू नका. एकाचं ऐकून दुसऱ्याची आठवण नकळत बदलते. प्रत्येकाला बाजूला घ्या, पाणी द्या आणि 'शेवटचा कुठे दिसला, आठवेल तसं सांगा' एवढंच म्हणा. मध्ये तोडू नका. 'लाल शर्ट होता ना?' असं तर मुळीच नको, घाबरलेला माणूस हो म्हणून टाकतो. वेळेसाठी मोबाइलमधले फोटो तपासा. हरवलेल्याच्या बुटाच्या तळाची नक्षी (ठसे ओळखायला), त्याची औषधं, फोनची बॅटरी, आदल्या रात्रीचं भांडण, हेही विचारा. गुराखीदादांनी त्याला पाहिलं असेल तर नकाशा दाखवत बसण्यापेक्षा त्यांच्याबरोबर जागेवर चालत जा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वहीत वेगवेगळं लिहा.