उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा : जुन्या मोटारीतील वीजगळतीचा शोध

चार दिवस उभी राहिलेली जुनी मोटार सेल्फ मारताच नुसती कण्हू लागली की बहुतेक जण आधी नवी बॅटरी आणतात, आणि तीही महिन्याभरात उतरू लागली म्हणजे मग वायरिंगकडे वळतात. हा क्रम उलटा असायला हवा. मात्र गळतीच्या मागे लागण्यापूर्वी बॅटरी स्वतः धड आहे, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. पूर्ण चार्ज केलेली १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. ती पूर्ण चार्ज करून, दोन्ही केबल सोडवून, चार दिवस तशीच ठेवावी. गाडीपासून तोडलेली असतानाही ती उतरली, तर दोष तिचाच आहे आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली ओलसर, आम्लट धूळसुद्धा दोन टर्मिनलांमध्ये थोडी वीज वाहून नेते. म्हणून माथा पुसून घ्यावा.

आता अर्थची केबल, म्हणजे बॉडीला जोडलेली केबल, सोडवावी. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॉडीला धन टोक जोडलेले असते, त्यामुळे रंगावर न जाता केबल कुठे पोहोचते ते डोळ्यांनी पाहावे. अर्थ नेहमी आधी काढावी आणि शेवटी जोडावी. अन्यथा दुसऱ्या टोकावरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडणे मुळीच परवडणारे नाही.

सुटलेली केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये लगेच मीटर लावण्याचा मोह टाळावा. आधी १२ व्होल्ट, २१ वॅटचा साधा बल्ब लावावा. गाडीत पूर्ण शॉर्ट असला तरी हा बल्ब प्रवाह २ अँपिअरच्या आत रोखतो, त्यामुळे काही जळत नाही. मीटरचा फ्यूज मात्र अशा वेळी पहिल्याच क्षणी उडतो. सर्व स्विच बंद आणि दारे लावलेली असताना बल्ब लख्ख पेटला, तर गळती मोठी आहे. पेटला नाही, तर गळती नाहीच असे समजू नये, कारण १०० मिलिअँपिअरने हा बल्ब दिसण्याइतका तापतच नाही. त्यासाठी बल्ब काढून त्याच जागी मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावावा. तो जोडलेला असताना सेल्फ मारू नये आणि हेडलाइट लावू नयेत. मोजणी संपताच लाल वायर पुन्हा व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालावी; ती तशीच राहिली आणि नंतर कोणी बॅटरीचे व्होल्ट तपासायला गेले, तर मीटरच शॉर्ट बनतो. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

किती प्रवाह चालेल? घड्याळ व रेडिओ नसलेल्या, साध्या पॉइंट्सच्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कबिंदूंच्या) इग्निशनच्या मोटारीत तो शून्य असायला हवा. नंतर बसवलेल्या रेडिओची मेमरी किंवा घड्याळ काही मिलिअँपिअर घेते आणि ते क्षम्य आहे. १०० मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला ते २.४ अँपिअर-तास होतात, म्हणजे ४८ अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत निम्मी रिकामी होते. आकडा मधूनच उसळी मारत असेल तर जुन्या विजेच्या घड्याळाकडे पाहावे. त्यातील स्प्रिंगला चावी देणारे कॉइल ठरावीक वेळाने प्रवाह ओढते, आणि बॅटरी मंद झाली की त्याचे पॉइंट्स चिकटूनही राहतात.

नंतर मीटरकडे पाहत एकेक फ्यूज काढावा, असे सगळीकडे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे; परंतु आधुनिक गाडीत पुरेशी ठरणारी ही पद्धत जुन्या गाडीत अर्ध्यावर थांबते. अनेक जुन्या मोटारींत फ्यूज दोन किंवा चारच असतात आणि चार्जिंगसारखी महत्त्वाची सर्किट्स त्यांना वळसा घालून जातात. सर्व फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर शोध फसला असे नव्हे. गळती बॅटरी आणि फ्यूजबॉक्स यांच्या दरम्यानच्या वायरींत आहे, हे त्यातून कळते. लुकास या मोटारींचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीने वायरिंग केलेल्या ब्रिटिश गाड्यांत काम आणखी सोपे होते. तेथे तपकिरी वायर थेट बॅटरीची आणि जांभळी फ्यूजमधून येणारी, पण कायम जिवंत असते. पांढरी आणि हिरवी चावी फिरवल्यावरच जिवंत होते. चावी बंद असताना होणाऱ्या गळतीसाठी तपकिरी आणि जांभळ्या वायरींचाच माग काढावा.

या वायरींवरील पहिला संशयित चार्जिंगचा भाग आहे. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे जनित्र, याच्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला, तर गाडी बंद असतानाही प्रवाह उलटा वाहतो. अल्टरनेटरची जाड वायर सोडवताच आकडा पडला, तर निदान झाले. डायनॅमोच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या जनित्राच्या, गाडीत कटआउटचे (इंजिन थांबले की डायनॅमो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचचे) पॉइंट्स चिकटले, तर गळती थेट अनेक अँपिअरची होते आणि बॅटरीची केबल ताबडतोब काढावी लागते. हा कटआउट कधी कधी गरम असतानाच चिकटतो, म्हणून एक मोजणी फेरफटका मारून आल्याबरोबर करावी. प्रत्येक वायर सोडवताना अर्थ काढलेली असावी आणि सुटलेल्या टोकाला टेप गुंडाळलेली असावी.

जांभळ्या वायरीचा फ्यूज काढताच आकडा पडला, तर बहुधा एखादा दिवा जळत असतो. डिकी बंद केल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे बाहेरून दिसत नाही. आत व्हिडिओ चालू केलेला मोबाइल ठेवावा, म्हणजे लगेच कळते. दाराच्या खांबातील स्विच गंजून अडकणे हाही नेहमीचा दोष आहे. याखेरीज वायर जेथे पत्र्यातून आरपार जाते तेथील कडक झालेले रबर तपासावे आणि मीटर जोडलेला असताना वायरींचा जुडगा हाताने हलवून पाहावा. नंतर जोडलेला हॉर्न, अलार्म किंवा रेडिओ यांच्या वायरी मात्र सर्वांत आधी पाहाव्यात, कारण कारखान्यातील वायरिंगपेक्षा आधीच्या मालकाची कारागिरी अधिक वेळा दगा देते.

बॅटरी तोडणारा स्विच बसवणे हा केवळ तात्पुरता उपाय आहे: बॅटरी वाचते, पण घासलेली वायर गाडी चालू असताना तशीच तापत राहते. शिवाय अल्टरनेटरच्या गाडीत इंजिन चालू असताना तो स्विच बंद केल्यास डायोड निकामी होऊ शकतात. दोष दुरुस्त झाल्यावर योग्य क्षमतेचेच फ्यूज परत बसवावेत, आकडा पुन्हा मोजावा, संध्याकाळी बॅटरीचे व्होल्ट लिहून ठेवावेत आणि गाडी पूर्वीइतकेच चार दिवस हात न लावता उभी ठेवून तेच व्होल्ट पुन्हा पाहावेत.