शेजारच्या इमारतीची परवानगी चुकीची वाटते? पालिकेकडे तक्रार अशी करा

शेजारच्या प्लॉटवर खोदाई सुरू झाली की लोक आधी नगरसेवकाकडे धाव घेतात. मग सगळ्या सोसायटीच्या सह्यांचं निवेदन आयुक्तांना जातं आणि वाट बघणं सुरू होतं. तोवर चार स्लॅब पडलेले असतात. ‘भरपूर सह्या घ्या, दबाव येतो’ हा सल्ला देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बांधकाम परवानगी विभागात निर्णय फाइलवर होतो, आणि तक्रारीतही त्या फाइलमधलंच काहीतरी असावं लागतं.

आधी तक्रार कुणाविरुद्ध आहे ते ठरवा. मंजूर नकाशा सोडून बिल्डर जास्तीचं बांधत असेल तर ते अनधिकृत बांधकाम. त्यासाठी नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढायला सांगा. बांधकाम नकाशाप्रमाणेच चाललंय, पण तो नकाशा मंजूरच व्हायला नको होता असं वाटत असेल, तर तक्रार विभागाच्या कामाची होते. मी इथे त्याबद्दलच लिहितेय. आपला उजेड गेला, गर्दी वाढली ही दुःखं खरी आहेत, पण सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटच्या हद्दीमधली मोकळी जागा), उंची, पार्किंग, पोहोच रस्त्याची रुंदी यांपैकी काही मोडलं असेल तरच विभागाला उत्तर द्यावं लागतं. मुंबईला २०३४ ची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, उरलेल्या बहुतेक राज्याला २०२० ची एकत्रिकृत नियमावली.

साइटवरच्या फलकाचा फोटो घ्या, परवानगीचा क्रमांक आणि तारीख मिळेल. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिकाही ८ पेक्षा जास्त असतील, तर गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, घरबसल्या बघता येतं.

आता फाइल. सगळे इथेच अडकतात, मीही अडकले होते.

माझा पहिला माहिती अधिकार अर्ज असा होता: ‘सदर इमारतीस परवानगी का देण्यात आली? ती नियमानुसार आहे काय?’ तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. २००५ चा कायदा कार्यालयाकडे असलेले कागद देतो, कारणं समजावून सांगायला लावत नाही. त्यात माझे अडीच महिने गेले आणि दरम्यान इमारत तिसऱ्या मजल्यावर पोचली. म्हणून ‘का’, ‘कसे’, ‘योग्य आहे काय’ हे शब्द अर्जात येऊच देऊ नका.

कागदांची नावं घालून मागा: मंजूर नकाशा, स्थळपाहणी अहवाल, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला आणि संपूर्ण टिपणी पानं. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘टिपणी पानं’ हे शब्द मुद्दाम लिहा. नुसती ‘फाइलची प्रत’ मागितली तर पत्रव्यवहाराची बाजू हातात देतात, आणि खरी गोष्ट असते दुसऱ्या बाजूला. तिथे कनिष्ठ अभियंता लिहितो, उपअभियंता शेरा मारतो, नगररचनाकार सही करतो. एका फाइलमध्ये मला कनिष्ठ अभियंत्याची ओळ सापडली: ‘पोहोच रस्ता जागेवर ६ मी. आढळतो, खुलासा घ्यावा.’ पुढच्या पानावर खुलासा नव्हताच, थेट ‘मंजुरीस्तव सादर’. नकाशावर तोच रस्ता ९ मीटरचा. आम्ही टेप घेऊन तीन ठिकाणी रस्ता मोजला आणि त्या दोन पानांवर अख्खी तक्रार उभी राहिली. उंची आणि चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते) दोन्ही रस्त्याच्या रुंदीवर ठरतात, त्यामुळे ही फट किरकोळ नव्हती.

प्रती मागण्याआधी फाइल डोळ्यांनी बघून या. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिका-नगरपालिकांतले अभिलेख पाहता येतात. बघताना पान क्रमांक टिपून घ्या. पानांना क्रमांकच नसतील तर तसं तुमच्या अर्जावर लिहून सही मागा, कारण नंतर पानं कमी झाल्याचं मी पाहिलंय.

‘त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही’ हे उत्तर हमखास येतं. ते मान्य करू नका. माहिती अधिकार कायद्याचं कलम ११ ही त्रयस्थाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकण्याची पद्धत आहे. तेवढ्यावरून माहिती नाकारता येत नाही. ३० दिवसांच्या आत पहिलं अपील टाका. ‘फाइल सापडत नाही’ हेही कायद्यात नकाराचं कारण नाही. शोध घेतल्याची लेखी नोंद मागा.

तक्रार एका पानाची. परवानगीचा क्रमांक, फाइलमधलं पान, मोडलेला नियम, आणि मागणी. मागणी स्पष्ट हवी: नगररचना अधिनियमाच्या कलम ५१ खाली परवानगी रद्द करा किंवा सुधारा. हे कलम काम बरंच पुढे गेल्यावर वापरता येत नाही, म्हणून पहिल्या महिन्यातच हालचाल करा. अर्जदाराने खोटी माहिती दिली असेल आणि तुमची महापालिका असेल, तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २५८ लिहा. मुंबईचा कायदा मात्र वेगळा आहे. पुरावा हातात नसताना ‘पैसे खाल्ले’ असं लिहू नका. तसं लिहिलंत की उत्तर फक्त त्या आरोपाचं येतं आणि ६ मीटरचा रस्ता बाजूला पडतो.

आवक विभागात शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्या.

महिन्याभरात काही हललं नाही तर महापालिकेच्या लोकशाही दिनात, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, जा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ च्या अपिलाचा सल्ला कुणी दिला तर वेळ घालवू नका, ते अपील परवानगी मागणाऱ्यालाच करता येतं. शेजाऱ्याला त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह लोकआयुक्तांकडे जाता येतं, नाहीतर उच्च न्यायालय. स्लॅब भराभर पडत असतील तर थेट वकिलाकडे जा, आणि जाताना टिपणी पानांच्या साक्षांकित प्रती, रस्त्याचे मोजताना काढलेले फोटो आणि शिक्क्याची पोच बरोबर घ्या.