रविवारी खाडीत येताना काय काय आणायचं

रविवारी बाटल्या पाण्यात सोडून खाडीचा प्रवाह मोजायला बेलापूरच्या दिवाळे जेट्टीवर जमायचंय, आधीच सांगून ठेवते, मागच्या वेळी अर्धे जण नुसती टोपी घालून आले होते. अमावस्या आहे म्हणजे उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त असणार, तर लाइफ जॅकेट नाही तो होडीत नाही, "मला पोहता येतं" ऐकणार नाही. अमावस्या पंधरावी तिथी, तिची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सव्वाअकरा निघते पण ती अंदाजापुरती, आणि भरतीचं टेबल मुंबईच्या अपोलो बंदरचं बघत असाल तर खाडीत आत भरती त्याहून उशिरा पोचते हे धरून या.

प्रत्येक होडीमागे एक लिटरच्या दोन बाटल्या, गळ्यापर्यंत पाणी भरून, बूच घट्ट, गळ्याला नारंगी पट्टी. रिकामी बाटली आणू नका, ती वाऱ्यावर पळते आणि आपण प्रवाह सोडून वारा मोजून घरी येतो. खाली दोन फूट दोरीला प्लास्टिकचे दोन पत्रे एकमेकांत फुलीसारखे अडकवून बांधा, थोडं वजन लावा, म्हणजे बाटली खालच्या पाण्याबरोबर जाते.

मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये, फुल चार्ज. दर 5 मिनिटांनी बाटलीशेजारी जाऊन लोकेशन टिपायचं, पण शेवटचं अंतर वल्ह्यावर, इंजिनचा पंखा पाणी ढकलतो. पुलाच्या खांबांजवळ भोवरे असतात, तिथलं रीडिंग नको. बाटली 10 मिनिटांत 300 मीटर गेली तर सेकंदाला अर्धा मीटर, जवळपास 1 नॉट (तासाला एक सागरी मैल), पण हिशोब घरी, होडीत फक्त लिहा आणि पेन्सिलनेच लिहा. मी मागे जेलपेन नेलं होतं, खारं पाणी उडालं आणि ते 7:40 होतं की 1:40 हे मला अजून कळलेलं नाही.

आणि शून्य लिहा रे! पाणी थिरावलं की बाटली जागच्या जागी गिरकी घेते आणि नेमके तेव्हाच सगळे वह्या मिटून वडापाव काढतात. प्रवाह कधी उलटला ते त्या 0 वरूनच कळणार, तो टेबलातल्या भरतीच्या मिनिटालाच उलटतो असं काही नाही.

पिण्याचं पाणी भरपूर घ्या. होडी चालवणारे तांडेलकाका निघा म्हणाले की निघायचं, सुकती म्हणजे ओहोटी लागली की कडेचा गाळ उघडा पडतो, एकदा होडी रुतली की पुढची भरती चढेपर्यंत तिथेच बसा, आणि वडापाव तोवर संपलेला असतो.